वल्हे तुटणे व हरवणे (सर्फस्की)

सर्फस्की या अरुंद सागरी नौकेतून किनाऱ्यापासून दूर गेलेल्या वल्हेकऱ्याचे वल्हे मोडणे किंवा हातातून निसटणे ही या क्रीडाप्रकारातील गंभीर आपत्ती मानली जाते. अशा प्रसंगी नौकेची गती थांबते आणि तिचा तोलही जातो, कारण सर्फस्कीवर तोल सांभाळण्याचे मुख्य साधन वल्हे हेच असते. प्रसंगाचा शेवट कसा होणार हे प्रामुख्याने तीन गोष्टींवर अवलंबून असते: वल्हेकरी नौकेला धरून राहिला की नाही, वारा जमिनीकडे वाहत आहे की समुद्राकडे, आणि मदत किती लवकर मागवली गेली. वल्ह्याशिवाय परत येण्याच्या अनेक युक्त्या प्रचलित आहेत; मात्र त्यांतील बहुतेक शांत पाण्यात जितक्या सोप्या वाटतात तितक्या उसळत्या समुद्रात राहत नाहीत.

नौका आणि वल्हे

सर्फस्कीचा उगम विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्सच्या किनाऱ्यावर झाला आणि तेथील समुद्रकिनारी जीवरक्षक मंडळांनी ती रूढ केली. आजची शर्यतीची सर्फस्की साधारणतः साडेपाच ते साडेसहा मीटर लांब आणि केवळ ४३ ते ५० सेंटिमीटर रुंद असते. वल्हेकरी नौकेच्या आत न बसता वरच्या उघड्या खोबणीत बसतो व पायांनी सुकाणू फिरवतो. दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि हवाई ही या खेळाची प्रमुख केंद्रे होत. आंतरराष्ट्रीय कनू महासंघाने २०१३ मध्ये पोर्तुगालमध्ये या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरवली.

कोकणातील अनेक लहान होड्यांना एका बाजूस उलांडी बांधलेली असते. वल्हे हातात नसले तरी अशी होडी पाण्यावर स्थिर राहते. सर्फस्कीला असा कोणताही आधार नसतो. पुढे जाणाऱ्या नौकेला जसा वेगाचा आधार मिळतो तसाच प्रत्येक वल्ह्याच्या फटक्याने पाण्याचा आधार मिळतो, आणि नौका कलंडू लागताच वल्हेकरी पाते पाण्यावर आपटून स्वतःला सावरतो. त्यामुळे लाटांमध्ये थांबलेल्या सर्फस्कीवर वल्ह्याशिवाय बसून राहणे अनुभवी वल्हेकऱ्यालाही अवघड जाते.

यात आणखी एका गोष्टीची भर पडते, तिचा उल्लेख सहसा होत नाही. सर्फस्कीच्या पाय ठेवण्याच्या खोबणीत शिरलेले पाणी तळाशी बसवलेल्या बेलर या झडपेतून बाहेर ओढले जाते. पण ही झडप नौका चालत असतानाच काम करते. नौका थांबली की खोबण पाण्याने भरते आणि ते पाणी इकडेतिकडे हिंदकळून नौका अधिकच डळमळीत होते. सुकाणूही वाहत्या पाण्यावाचून निरुपयोगी ठरते. गती संपलेली नौका बहुधा वाऱ्याला आडवी होते व प्रत्येक लाट तिच्या बाजूवर येऊन आदळते.

या खेळात प्रामुख्याने पंखाकृती पाते असलेले दुहेरी वल्हे वापरतात. त्याची लांबी सुमारे २०५ ते २२० सेंटिमीटर असते आणि ते बहुधा कार्बन तंतूंचे असते. डावे व उजवे पाते एकमेकांची आरशातील प्रतिमा असतात. वल्हे मोडल्यानंतर या रचनेला विशेष महत्त्व येते. ते पुढे पाहू.

वल्हे मोडण्याची कारणे

कार्बन तंतूंचा दांडा हलका व ताठ असतो, पण लाकडाप्रमाणे तो आधी वाकून इशारा देत नाही. मर्यादा ओलांडली की तो एकाएकी मोडतो. प्रत्यक्ष मोडण्याचा क्षण समुद्रात येत असला तरी त्याचे बीज अनेकदा जमिनीवर पडलेले असते: मोटारीच्या टपावर वल्हे उघडे बांधणे, वाहनतळावर ते खाली पडणे, दगडावर घासले जाणे. अशा आघाताने आतल्या थरांत तडा जातो आणि तो बाहेरून दिसत नाही. दांड्यावर नखाने किंवा नाण्याने ठोकत गेल्यास तडा गेलेल्या जागी आवाज बद्द येतो, ही जुनी व उपयुक्त परीक्षा आहे.

समुद्रात वल्हे मोडण्याचे सर्वांत परिचित प्रसंग दोन. पहिला लाटफुटीच्या पट्ट्यातला. उलटलेली नौका आणि वल्हेकरी यांच्यामध्ये वल्हे सापडते व फुटणारी लाट ते दोहोंवर दाबते. दुसरा नौकेवर पुन्हा चढतानाचा. थकलेला वल्हेकरी वल्हे खोबणीवर आडवे टाकून त्यावर भार देतो आणि दांडा मधोमध मोडतो. दुसरा प्रकार पूर्णपणे टाळता येण्यासारखा आहे. पुन्हा चढताना शरीराचा भार नौकेच्या काठांवर द्यावा आणि वल्हे हातात केवळ धरावे, हे प्रशिक्षणात अगदी आरंभी शिकवले पाहिजे.

लांबी कमी-जास्त करता येणाऱ्या दोन भागांच्या वल्ह्यात सांधा हा कच्चा दुवा ठरतो. त्यात वाळू किंवा मीठ साचले की पकड सैल होते आणि पाते फिरू लागते, क्वचित दोन भाग वेगळे होतात. प्रत्येक फेरीनंतर सांधा उघडून गोड्या पाण्याने धुणे एवढीच याची काळजी आहे.

वल्हे हरवणे आणि दोरीचा प्रश्न

वल्हे हरवते ते जवळजवळ नेहमी नौका उलटल्यावर. पाण्यात पडताना माणूस नकळत दोन्ही हात उघडतो. वल्हे तरंगते, पण काळे वल्हे फेसाळ लाटांत काही मीटरवरूनही दिसेनासे होते.

त्याहून मोठा धोका नौका हातची जाण्याचा आहे. जोरदार वाऱ्यात रिकामी सर्फस्की पाण्याच्या पृष्ठभागावरून पानासारखी उडत जाते, आणि जीवनरक्षक जाकीट घातलेला माणूस पोहून तिला गाठू शकत नाही. म्हणून दोहोंपैकी एकच हाती लागणार असेल तर नौका धरावी, वल्हे सोडावे. नौका माणसाला तरंगत ठेवते, त्याचे शरीर काही प्रमाणात पाण्याबाहेर ठेवू शकते आणि शोध घेणाऱ्यांना दिसते. नुसते वल्हे हाती घेऊन समुद्रात तरंगणाऱ्या माणसाजवळ यांपैकी काहीही नसते.

ही निवड करण्याची वेळच येऊ नये म्हणून लीश नावाची दोरी वापरतात. तिचे दोन प्रकार आहेत. पायदोरी वल्हेकऱ्याच्या पोटरीला किंवा घोट्याला बांधून नौकेच्या पायपट्ट्याशी जोडलेली असते. वल्हेदोरी वल्हे आणि नौका यांना जोडते. वल्हेदोरीच्या समर्थकांचे म्हणणे असे की, हातात वल्हे असले म्हणजे नौकाही हातात असते. पण हात सुटला तर नौका व वल्हे दोन्ही एकदमच जातात. पायदोरीत वल्हे हरवू शकते, नौका मात्र माणसाबरोबर राहते. वल्हे मोडल्यास वल्हेदोरी फक्त बांधलेला अर्धा भाग वाचवते आणि दुसरा वाहून जातो, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. वरील प्राधान्यक्रम मान्य केला तर खुल्या समुद्रात पायदोरी आधी आणि वल्हेदोरी नंतर, असाच निष्कर्ष निघतो. जोराच्या वाऱ्यात काही जण दोन्ही वापरतात व गुंता होण्याचा धोका पत्करतात.

दोरीसुद्धा तुटते. ऊन व खारे पाणी यांनी तिचे प्लास्टिक ठिसूळ होते, चिकटपट्टीत वाळू भरून तिची पकड जाते. जुनी दोरी नसलेल्या दोरीपेक्षा अधिक घातक ठरू शकते, कारण तिच्या भरवशावर माणूस नौकेवरचा हात काढतो.

अर्धे वल्हे हाती असताना

अर्धे वल्हे आणि वल्हेच नसणे या दोन अवस्थांत मोठे अंतर आहे. हाती एक पाते व मीटरभर दांडा उरला असेल तर तोल सांभाळता येतो, नौकेला थोडी गती देता येते आणि त्या गतीने सुकाणूही काम करू लागते.

एकेरी वल्ह्याच्या होडीत वल्हेकरी बाजू बदलत राहतो. पंखाकृती पात्याने हे नीट साधत नाही. उजवे पाते उजव्या बाजूने ओढले असता ते नौकेपासून दूर सरकत पाणी पकडते. तेच डाव्या बाजूस वापरले तर त्याची कड उलटी पडते, पाते थरथरते आणि नौकेखाली शिरू पाहते. त्यामुळे पाते ज्या बाजूचे असेल त्याच बाजूने वल्हवावे आणि नौकेचे वळणे सुकाणूने सावरावे. फटके आखूड ठेवावेत. रिकाम्या बाजूला आधार उरलेला नसतो, म्हणून त्या बाजूचा पाय पाण्यात सोडून बसल्यास तोल बराच सुधारतो. मोडलेल्या टोकाचे कार्बनचे तंतू सुईसारखे टोकदार असतात. त्यावर टोपी, मोजा किंवा चिकटपट्टी गुंडाळल्याशिवाय तो हात वरच्या टोकाला ठेवू नये.

मोडलेला दांडा समुद्रातच जोडण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. दांड्यावर आधीच गुंडाळून ठेवलेली कापडी चिकटपट्टी आणि खपाचीसाठी एखादी काठी एवढे साहित्य त्याला पुरते. पण ओल्या पृष्ठभागावर पट्टी चिकटत नाही. ती स्वतःवरच घट्ट गुंडाळत नेली तरच धरते. शिवाय या कामासाठी दोन्ही हात मोकळे लागतात आणि वल्ह्याशिवाय बसलेल्या माणसाला नेमके तेच परवडत नाही. सोबतीची नौका शेजारी लावून धरली असेल तरच ही दुरुस्ती विचारात घ्यावी.

वल्हेच नसताना

अशा वेळी पहिले काम नौकेवर टिकून राहण्याचे असते. दोन्ही पाय दोन बाजूंना पाण्यात सोडून, शरीर किंचित पुढे झुकवून बसल्यास बहुतेकांना मध्यम लाटांत तोल सांभाळता येतो. तेही जमत नसेल तर नौकेवर पालथे पडणे हा अधिक स्थिर उपाय आहे. नौका अरुंद असल्याने दोन्ही हात दोन्ही बाजूंच्या पाण्यात पोहोचतात व लाटफळीवर करतात तसे हातांनी वल्हवता येते. यात पाय सुकाणूच्या पट्टीपर्यंत पोहोचत नाहीत, त्यामुळे नौका सरळ ठेवणे कठीण जाते. पोहण्याच्या सरावात वापरतात त्या हातपट्ट्या किंवा जाळीदार हातमोजे खिशात असल्यास बराच फरक पडतो. पायातील सपाटही यासाठी वापरता येते. या रीतीने वाऱ्याच्या दिशेने किंवा वाऱ्याला थोडे तिरके जाता येते. जोरदार वाऱ्याविरुद्ध मात्र हातांनी वल्हवत जाणे अशक्यप्राय आहे आणि त्या प्रयत्नात खर्च झालेली शक्ती पुढे हवी असते.

वारा समुद्राकडे ओढत असेल तर काही जण पाण्यात उतरून नौकेचे टोक धरून राहतात. बुडालेले शरीर नांगरासारखे काम करून वाहण्याचा वेग कमी करते. याची किंमत उष्णतेच्या रूपात मोजावी लागते. पाण्याची उष्णतावाहकता हवेच्या सुमारे २५ पट असते, त्यामुळे गार पाण्यात शरीर झपाट्याने थंड होते. थंड पाण्यातील अपघातांसाठी प्रचलित असलेला ‘एक-दहा-एक’ हा ठोकताळा येथे उपयोगी पडतो: श्वासावर ताबा मिळवण्यास सुमारे १ मिनिट, हातपाय नीट चालण्याची सुमारे १० मिनिटे आणि गारठ्याने शुद्ध हरपण्यास सुमारे १ तास. पाणी जितके कोमट तितका हा अवधी वाढतो. यातील मधली १० मिनिटे सर्वांत महत्त्वाची. फोनची पिशवी उघडणे, धुरनळी पेटवणे, गाठ सोडणे ही बोटांची कामे नंतर होत नाहीत.

वाऱ्याची दिशा: फॉल्स बेचे उदाहरण

दक्षिण आफ्रिकेत केप टाउनजवळील फॉल्स बे या उपसागरात मिलर्स पॉइंट ते फिश होक असा सुमारे १२ किलोमीटरचा मार्ग मिलर्स रन या नावाने जगभरच्या सर्फस्कीपटूंना परिचित आहे. उन्हाळ्यात तेथे आग्नेयेकडून जोरदार वारा वाहतो. त्याला स्थानिक लोक ‘केप डॉक्टर’ म्हणतात. वल्हेकरी हा वारा पाठीशी घेऊन लाटांवरून घसरत उत्तरेकडे जातात आणि वाटेत सायमन्स टाउनसमोरचे रोमन रॉक दीपगृह लागते.

या दीपगृहाजवळ वल्हे मोडले असे समजू. आग्नेयेचा वारा नौकेला वायव्येकडे, म्हणजे जमिनीकडे ढकलतो. वल्हेकरी नौकेला धरून राहिला तर वाऱ्याच्या ओघात तो किनाऱ्याला लागतो. प्रश्न कोठे लागतो एवढाच उरतो: ग्लेनकेर्नच्या वाळूवर की त्याच्या आजूबाजूच्या खडकांवर. हिवाळ्यात मात्र याच भागात वायव्येचे वारे वाहतात. तेच वल्हे त्याच जागी मोडले तर नौका किनाऱ्यापासून दूर, उपसागर ओलांडून त्याच्या रुंद मुखाकडे जाऊ लागते आणि मुखापलीकडे खुला महासागर आहे. जमिनीजवळचे पाणी अशा वाऱ्यात सपाट दिसते, त्यामुळे नवख्याला तो दिवस सुरक्षित वाटतो. शालेय भूगोलात खारे वारे व मतलई वारे म्हणून शिकवला जाणारा भेद येथे जीवनमरणाचा ठरू शकतो.

हवाईतील मोलोकाई ते ओआहू या शर्यतीच्या मार्गावर परिस्थिती आणखी वेगळी आहे. सुमारे ५२ किलोमीटरच्या त्या मार्गाचा मोठा भाग खोल सामुद्रधुनीतून जातो आणि भरकटणाऱ्याला अडवणारा किनारा जवळ नसतो. म्हणून तेथे वल्हेकऱ्यांबरोबर सोबतीच्या मोटरबोटी ठेवल्या जातात.

सोबत्यांची मदत

गटाने जाण्याचा खरा उपयोग अशा वेळी कळतो, पण गट एकमेकांच्या नजरेत असेल तरच. बसलेल्या वल्हेकऱ्याचे डोळे पाण्यापासून सुमारे ७० सेंटिमीटर उंचीवर असतात. त्या उंचीवरून क्षितिज जेमतेम ३ किलोमीटरवर असते, आणि लाटांच्या खळग्यात शिरल्यावर शंभर मीटरवरची नौकाही दिसत नाही. वेगवान वल्हेकरी पुढे निघून जाणे हा वारा पाठीशी घेऊन केलेल्या फेऱ्यांतील नेहमीचा दोष आहे, आणि मागे राहिलेल्याची हाक पुढे पोहोचत नाही. दर काही मिनिटांनी सर्वांनी थांबून मोजणी करणे हा कंटाळवाणा पण खात्रीचा उपाय होय.

सोबती पोहोचल्यावर दोन नौका शेजारी-शेजारी लावून एकमेकींना धरल्यास त्यांचा एक रुंद, स्थिर तराफा तयार होतो. त्यावर विचार करणे, फोन लावणे, पट्टी गुंडाळणे शक्य होते. पुढे ओढून न्यायचे असल्यास दोरीचे एक टोक मदत करणाऱ्याच्या कमरपट्ट्याला आणि दुसरे मागच्या नौकेच्या नाळेला बांधतात. कमरपट्टा एका झटक्यात सुटणारा असलाच पाहिजे. उंच लाटांत मागची नौका घसरत येऊन पुढच्या माणसावर आदळू शकते, म्हणून दोरी पुरेशी लांब ठेवावी लागते.

सोबत्याचे वल्हे दोन भागांत सुटणारे असेल तर एकेक अर्धा भाग दोघांनी वापरण्याची युक्तीही आहे. शांत पाण्यात ती कामी येते. जोराच्या वाऱ्यात तिने एका असहाय वल्हेकऱ्याऐवजी दोन होण्याची शक्यता अधिक. त्यापेक्षा गटात एक सुटे वल्हे असणे केव्हाही बरे. समुद्री कयाकवरून लांबच्या सफरी करणाऱ्यांमध्ये दोन भागांचे सुटे वल्हे नौकेच्या पाठीवर बांधून नेण्याची रीत पूर्वापार आहे. सर्फस्कीपटूंनी ती वजन व वेग यांच्यापायी बहुतांशी सोडून दिली आणि अनेक शर्यतीच्या नौकांवर ते बांधण्यासाठी कड्याही नसतात. चिकटवता येणाऱ्या कड्या व लवचीक दोरी यांनी ही उणीव भरून काढता येते.

मदत मागवणे

मदत केव्हा मागवावी याविषयी जाणकारांचा कल एकाच बाजूला आहे: लवकर. वारा समुद्राकडे वाहत असेल आणि सोबत कोणी नसेल तर वल्हे गेल्याचे कळताच संदेश द्यावा. नंतर स्वतःहून किनारा गाठता आला तर तसे कळवून शोध थांबवता येतो. अंधार पडल्यावर सुरू झालेला शोध मात्र फार मोठ्या क्षेत्रात करावा लागतो.

जलरोधक पिशवीतील मोबाइल किनाऱ्याजवळ उपयोगी पडतो, परंतु ओल्या बोटांना त्याचा पडदा दाद देत नाही. पिशवीतूनच क्रमांक लावण्याचा सराव घरी केलेला असावा. दक्षिण आफ्रिकेत राष्ट्रीय सागरी बचाव संस्थेचे सेफट्रॅक्स हे अॅप वल्हेकऱ्याचा मार्ग नोंदवते व संकटसंदेश पाठवते. मोबाइलचे जाळे नसेल तेथे व्हीएचएफ रेडिओची वाहिनी १६ ही आंतरराष्ट्रीय संकटवाहिनी आहे, आणि ४०६ मेगाहर्ट्झवर चालणारे वैयक्तिक संकटसूचक यंत्र उपग्रहामार्फत स्थान कळवते. ही साधने नौकेवर न ठेवता अंगावर बाळगावीत, कारण नौका सुटली तर ती नौकेबरोबर जातात. संदेशात स्थान, वाऱ्याची दिशा आणि ‘वल्हे नाही, नौकेबरोबर आहे’ एवढे सांगितले तरी बचावपथकाला शोधाची रेषा आखता येते. नौकेबरोबर वाहणारा माणूस आणि एकटा तरंगणारा माणूस यांचे वाहण्याचे वेग वेगळे असतात, म्हणून ही माहिती मोलाची असते.

उभे धरलेले वल्हे हालवणे ही वल्हेकऱ्यांची नेहमीची खूण येथे अर्थातच उपलब्ध नसते. दिवसा नारिंगी धूर, संधिप्रकाशात व रात्री लाल ज्योत किंवा लुकलुकता दिवा आणि जवळच्या अंतरावर शिट्टी ही तिची पर्यायी साधने होत. फेसाळ समुद्रात पांढरी नौका जवळजवळ अदृश्य असते, म्हणून जाकीट व टोपी भडक रंगाची असावी.

किनाऱ्याला लागताना

वल्ह्याशिवाय वाहत किनाऱ्याजवळ आलेल्या नौकेची शेवटची अडचण लाटफुटीच्या पट्ट्यात येते. वल्हे नसताना लाट टाळता येत नाही आणि नौका आडवी होऊन उलटण्याची शक्यता मोठी असते. लाटा फुटू लागण्यापूर्वीच पाण्यात उतरावे व पायदोरी सोडावी, कारण आतापर्यंत जीव वाचवणारी हीच दोरी येथे पायाला झटके देऊन माणसाला ओढत नेते. नौका नेहमी माणसाच्या पुढे, किनाऱ्याच्या बाजूस असावी. माणूस नौका आणि वाळू यांच्यामध्ये आला तर पाण्याने भरलेली नौका लाटेच्या जोराने त्याच्यावर येते. समोर खडक असतील तर नौका सोडून द्यावी आणि खडकांना समांतर पोहत वाळूची जागा गाठावी. किनाऱ्यावर पोहोचल्यावर, संकटसंदेश दिला असल्यास, आपण सुखरूप असल्याचे बचावपथकाला तत्काळ कळवणे आवश्यक असते. रिकामी नौका समुद्रात सोडून आलेल्याने तर हे विसरताच कामा नये, कारण ती कोणाला दिसली की तिच्या मालकाचा शोध नव्याने सुरू होतो.